तारेच्या टोकापासून माणसापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा निरोप मंडळाकडून आला, तेव्हा आधी मी नाहीच म्हटले. मी इतिहासाचा माणूस नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि गेली वीसेक वर्षे राज्य सरकारच्या नोकरीत संगणक, वायरी आणि नेटवर्कचे डबे सांभाळतो आहे. किल्ले, ताम्रपट, सनावळ्या माझ्या वाट्याच्या नाहीत. पण मग वाटले, आपल्या सगळ्यांच्या खिशात जी वस्तू आहे तिलाही इतिहास आहेच, आणि बंदर, रेल्वे नि विमानतळ असलेल्या आपल्या वास्कोतून तो बरा दिसतो.

प्रश्न साधा आहे. चवथीला आपण वास्कोहून पेडण्याला निघतो. गाडीत कोणीतरी फोनवर बोलत असते. झुआरी ओलांडली, मांडवी ओलांडली, कोलवाळचा पूल गेला, तरी बोलणे सुरूच. वाटेत मोबाईलचे कितीतरी मनोरे मागे पडले. मग बोलणे तुटले का नाही? आणि मुंबईहून कोणी आपला नंबर फिरवला, तर आपण या क्षणी म्हापशात आहोत की पत्रादेवीला, हे त्या यंत्राला कसे कळते? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला माणसाला शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही गोष्ट.

१९८९ ची एक रात्र

आधी घरची गोष्ट सांगतो. वडील पेडण्याकडचे. बंदरात नोकरी लागली म्हणून वास्कोला आले आणि इथलेच झाले. आम्ही राहायचो त्या वाड्यात फोन एकाच घरी होता, शेजारच्या काकांकडे. आमच्यासारख्या दहा-बारा घरांनी तोच नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन ठेवलेला. नंबरापुढे कंसात "पी. पी." लिहायची पद्धत जुन्या वाचकांना आठवत असेल.

१९८९ साली, चवथ दोन दिवसांवर असताना, गावी आजोबा गेले. चुलत्यांनी पेडण्याच्या बाजारात जाऊन रात्री फोन लावला. काकांनी उचलला, धावत आमच्याकडे आले. वडील रात्रपाळीला गेले होते. बंदरातल्या धक्क्यावर त्या वेळी निरोप कसा पोचवणार? आईने सकाळपर्यंत वाट पाहिली. वडील घरी आले, बातमी ऐकली आणि पहिली बस धरून निघाले. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता, नवा व्हायचा होता. पणजीला उतरून फेरीबोटीने बेती गाठायची, मग पुढची बस. ते घरी पोचले तेव्हा सगळे उरकून लोक स्मशानातून परतत होते.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही. वडिलांनी कोणाला दोष दिला नाही, देण्यासारखा कोणाचा दोष नव्हताही. चुलत्यांचा फोन लागला होता. एक्स्चेंजने आपले काम चोख केले होते. फक्त तो फोन एका भिंतीपर्यंत गेला, आणि ज्या माणसासाठी तो होता तो माणूस तिथे नव्हता. पुढे पदविकेच्या वर्गात एक्स्चेंजचा धडा शिकताना मला पहिल्यांदा हेच आठवले.

माणूस ओळखणारे एक्स्चेंज

गंमत अशी, की अगदी पहिली एक्स्चेंज अशी नव्हती. ग्रॅहॅम बेलने १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेतले. आपल्या देशात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे एक्स्चेंज सुरू झाली. तिथे यंत्र काहीच ठरवत नसे. समोर भोकांची फळी, हातात दोरीसारख्या तारा, आणि खुर्चीवर ऑपरेटर. तुम्ही नाव सांगायचे, तो तार जोडायचा. जोडणारा, म्हणजे स्विच, हा खुद्द माणूसच होता.

लहान गावातल्या अशा ऑपरेटरला सगळे ठाऊक असे. डॉक्टरांना फोन केला तर तो सांगायचा, "डॉक्टर घरी नाहीत, अमक्याकडे व्हिजिटला गेलेत, तिकडे जोडून देतो." आजच्या तांत्रिक भाषेत ही सेवा मोठी अवघड आहे. गिऱ्हाईक जागा बदलते, आणि स्विच त्याला नव्या जागी शोधून काढतो. फोन तारेचाच होता, पण जोडणाऱ्याच्या डोक्यात तार नव्हती, माणूस होता.

मग यंत्र आले. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता, धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. सांगतात, की गावच्या एक्स्चेंजवर प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर होती आणि ती स्ट्रोजरची गिऱ्हाइके आपल्या नवऱ्याकडे वळवायची. चिडून त्याने ऑपरेटर लागणारच नाही असा स्विच बनवला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसले पहिले एक्स्चेंज चालू झाले. भारतात स्वयंचलित एक्स्चेंज प्रथम सिमल्याला आले, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास.

स्ट्रोजरच्या स्विचमध्ये एक दांडा असे. तुम्ही डायल फिरवला की तो आकड्याइतक्या पायऱ्या वर चढे, मग बाजूला सरके आणि नेमक्या एका तारेला टेके. म्हणजे तुमचा नंबर हा तारेचा पत्ताच झाला. वेग वाढला, लबाडी गेली, रात्री-अपरात्रीही फोन लागू लागला. पण डॉक्टर कुठे गेलेत हे सांगणारे कोणी उरले नाही. १९८९ मध्ये आमच्या वाट्याला आले ते असेच, तार ओळखणारे आणि माणूस न ओळखणारे एक्स्चेंज.

समुद्रावरची साद

हिंडत्या माणसाला शोधायचा प्रश्न आधी समुद्रावर आला, हे वास्कोकरांना मुद्दाम सांगायला हवे. बिनतारी यंत्राचे पहिले फिरते गिऱ्हाईक म्हणजे जहाज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जहाजांवर मार्कोनीची यंत्रे बसू लागली. पण बिनतारी संदेशाचा एक स्वभाव आहे. तो चहूकडे जातो, आणि ज्याच्याकडे यंत्र आहे तो कोणीही ऐकू शकतो.

याची एक गोष्ट आपल्या मुरगाव बंदरातच घडली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे जर्मनीची तीन आणि इटलीचे एक जहाज इथे आश्रयाला होते. त्यांपैकी 'एरेनफेल्स' या जहाजावरून चोरून बिनतारी संदेश जातात आणि त्यामुळे दोस्तांची जहाजे पाणबुड्यांना सापडतात, असा इंग्रजांचा समज होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले, बरेचसे मध्यमवयीन, गोरे व्यापारी नि नोकरदार एका बार्जमधून बंदरात शिरले. त्या रात्री ती जहाजे बुडाली. यावरचा 'द सी वुल्व्ह्ज' हा चित्रपट १९८० साली आला आणि त्याचे चित्रीकरण गोव्यातही झाले. तो आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल.

माझ्या विषयाला मात्र त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची आहे. बोटीवर असलेल्या माणसाला घरून निरोप कसा जायचा? आपल्या गोव्यात बोटीवर जाणारी घरे काही थोडी नाहीत. किनाऱ्यावर बिनतारी केंद्रे असत. मुंबईचे केंद्र 'मुंबई रेडिओ', त्याची खूण व्हीडब्ल्यूबी. ज्या जहाजांसाठी निरोप आले असतील त्यांच्या खुणांची यादी हे केंद्र ठरलेल्या वेळी पुकारत असे. समुद्रावरचा रेडिओ ऑफिसर त्या वेळी कान देऊन बसे. आपल्या जहाजाची खूण ऐकू आली की तो उलट उत्तर देई, "आम्ही इथे आहोत, निरोप सांगा."

जहाज नेमके कुठे आहे हे केंद्राला माहीत असण्याची गरज नव्हती. साद घालायची आणि ज्याचे त्याने ओ द्यायचे. आज तुमचा फोन वाजण्याआधी मनोरा जे करतो ते हेच आहे. त्याला पेजिंग म्हणतात. फरक इतकाच, की फोनमधला रेडिओ ऑफिसर रात्रंदिवस कान देऊन बसलेला असतो.

कित्तूरचा डबा

साद घालणे जमले, तरी जोडणारा स्विच स्ट्रोजरसारखा असून भागणार नव्हते. लोखंडी दांडा ठरलेल्या तारेलाच टेकणार. हिंडत्या माणसासाठी असा स्विच हवा होता, ज्याच्या पोटात तारांऐवजी एक वही असेल आणि त्या वहीतली नोंद घटकेघटकेला खोडून नव्याने लिहिता येईल. म्हणजेच संगणकावर चालणारा स्विच.

आपल्या देशात या बाबतीतले मोठे काम सी-डॉटने केले. ऑगस्ट १९८४ मध्ये ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा हे नाव घरोघरी पोचले. परदेशी एक्स्चेंज मोठ्या शहरांसाठी बनवलेली असत. त्यांना थंड खोली लागे, अखंड वीज लागे. सी-डॉटने खेड्यासाठी १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज बनवले. वातानुकूलन नको, धूळ नि उकाडा सोसेल असे. ते पहिल्यांदा बसले १९८६ मध्ये, आणि कुठे, तर बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. राणी चन्नम्माच्या कित्तूरला. आपल्या गोव्याच्या सीमेपासून काही तासांच्या वाटेवर. पुढच्या काही वर्षांत गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहिले.

कित्तूरचे एक्स्चेंज तारेचेच होते. पण कोणता नंबर कुठल्या तारेवर, हे तिथे दांडा ठरवत नव्हता. यंत्राच्या स्मरणात तशी नोंद होती, म्हणून जोडले जात होते. नोंद बदलली की जोडणी बदलली.

लहान लहान खोल्या

तिकडे अमेरिकेत मोटारीतला टेलिफोन १७ जून १९४६ पासून सेंट लुईस शहरात चालू होता. साऱ्या शहराला एकच उंच मनोरा, त्यामुळे एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता येई. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या डी. एच. रिंग यांनी एका टिपणात सुचवले, की एका मोठ्या मनोऱ्याऐवजी पुष्कळ छोटे मनोरे लावावेत. प्रत्येकाचा आपापला लहानसा प्रदेश. एका प्रदेशातल्या लहरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या प्रदेशात पुन्हा वापरता येतील. या प्रदेशालाच सेल म्हणतात, म्हणून सेल फोन.

कल्पना सुरेख होती, पण तिने नवे दुखणे आणले. प्रदेश लहान म्हणजे गाडी दोन-चार मिनिटांत त्याच्या बाहेर. बोलता बोलता सेल बदलली तर बोलणे तुटणार. या दुखण्यावर त्याच प्रयोगशाळेतल्या एमॉस जोएल या इंजिनिअराने तोड काढली. चालू संभाषण एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये न तोडता नेणाऱ्या स्विचच्या रचनेचे पेटंट त्यांना १६ मे १९७२ रोजी मिळाले. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून बोलून दाखवले, ते नाव सर्वांना ठाऊक आहे. जोएल यांचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. स्विच करणाऱ्याचे असेच असते. त्याचे काम नीट झाले तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

१९७९ मध्ये टोकियोत, १९८३ मध्ये शिकागोत अशी सेवा लोकांसाठी सुरू झाली. सगळ्या युरोपने मिळून ठरवलेल्या जीएसएम पद्धतीचा पहिला फोन १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तिथून आपल्याकडचा मोबाईल सुरू झाला.

दोन वह्या

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मुंबईहून नंबर फिरवला, तर आपण कुठे आहोत हे कसे कळते?

जीएसएम पद्धतीत दोन वह्या असतात. एक घरची वही, होम लोकेशन रजिस्टर. तुमचे सिमकार्ड ज्या कंपनीचे, तिच्याकडे ही असते. दुसरी पाहुण्यांची वही, व्हिजिटर लोकेशन रजिस्टर. ही प्रत्येक भागातल्या स्विचजवळ असते. तुम्ही पुण्याला गेलात की तुमचा फोन तिथल्या मनोऱ्याला सांगतो, "मी आलो." तिथला स्विच पाहुण्यांच्या वहीत नाव लिहितो आणि घरच्या वहीला कळवतो, "तुमचा माणूस आमच्याकडे आहे." घरची वही जुन्या ठिकाणच्या वहीतले नाव खोडायला सांगते. कोणी तुम्हाला फोन केला, की आधी घरी विचारणा होते, आणि घरून उत्तर मिळते, "तो सध्या पुण्याला आहे, तिकडे जोडा."

वाचकहो, हेच तर ते. जुना ऑपरेटर सांगायचा, "डॉक्टर अमक्याकडे गेलेत." मधल्या काळात यंत्राने जे घालवले होते ते यंत्रानेच परत आणले.

पण वही कितपत बारीक लिहायची, इथे रचनाकाराची खरी कसोटी लागते. प्रत्येक मनोरा बदलला की फोनने कळवायचे ठरवले, तर हजारो फोन सतत "मी इथे, मी इथे" ओरडत राहणार. स्विच त्यातच दमणार आणि फोनची बॅटरी संपणार. उलट कधीच कळवायचे नाही असे ठरवले, तर एका माणसासाठी सगळ्या राज्यातल्या मनोऱ्यांवरून साद घालावी लागणार. म्हणून मधला मार्ग काढला आहे. काही मनोरे मिळून एक वाडा करायचा. वाड्यातल्या वाड्यात हिंडलात तर कळवू नका. वाडा ओलांडलात तरच कळवा. फोन आला की फक्त त्या वाड्यातल्या मनोऱ्यांवरून साद. चवथीला गावच्या घरात आपण करतो तसेच. मुलगा माडीवर आहे की परसात हे कोणी लिहून ठेवत नाही. घरात आहे एवढे ठाऊक असले की पुरे, हाक मारली की येतो.

वाड्याची सीमा कुठे आखायची, हेही शहाणपणाचे काम. कोकण रेल्वेची गाडी चाकरमान्यांनी भरून पेडण्याच्या दिशेने येते आहे असे समजा. सीमा नेमकी रुळांवर आडवी पडली, तर गाडी ती ओलांडते त्या क्षणी शेकडो फोन एकदम "मी आलो" म्हणतात. स्विचपुढे देवळाच्या दारासारखी गर्दी उसळते. म्हणून आखणाऱ्याला नकाशासोबत गाड्यांचे वेळापत्रकही बघावे लागते, आणि आपल्याकडे पंचांगही.

सप्ताहातला पार आणि चालू फोन

आता पहिला प्रश्न, बोलणे तुटत का नाही? याचे उत्तर वास्कोकराला पुस्तकातून द्यायची गरज नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दामोदराच्या देवळात सप्ताह बसतो. १८९८ साली प्लेगची साथ आली, लोकांनी झांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, तिथून श्रीफळ आणले आणि अखंड भजनाची रीत पडली, असे जुनी माणसे सांगतात. चोवीस तास भजन थांबत नाही. एक पार उठतो, दुसरा बसतो. नीट पाहिले आहे का, ही अदलाबदल कशी होते? आधीचे गाणारे थांबून मग नवे सुरू करत नाहीत. नवे येऊन बसतात, टाळ हातात घेतात, चालू ताल अंगात भिनू देतात, सूर मिसळतात. मग आधीचे अलगद उठतात. बाहेर फेरीत उभ्या असलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही की गाणारे बदलले.

चालू फोनचे असेच होते. त्याला हँडओव्हर म्हणतात. बोलत असताना तुमचा फोन शेजारच्या मनोऱ्यांकडेही कान ठेवून असतो, आणि कोणाचा आवाज किती जोरात येतो हे सेकंदाला साधारण दोनदा जाळ्याला कळवतो. झुआरीवर अलीकडचा मनोरा क्षीण होत आहे आणि पलीकडचा वाढत आहे असे दिसले, की पलीकडे आधी जागा राखली जाते, तिथपर्यंतची वाट जोडून ठेवली जाते, आणि मगच फोनला सांगितले जाते, "आता तिकडे." जीएसएममध्ये क्षणभर उडी मारावीच लागते, पण ती कानाला कळत नाही. नंतरच्या सीडीएमए आणि थ्रीजी पद्धतींत तर फोन काही वेळ दोन्ही मनोऱ्यांना एकदम धरून असतो, अगदी दोन पार एकत्र गात असल्यासारखा. आधी धरायचे, मग सोडायचे.

दोन नकाशे

इथे एक गमतीची गोष्ट सांगून टाकतो. तारेच्या फोनचा आपला एसटीडी कोड ०८३२. बेळगावचा ०८३१, कारवारचा ०८३८२. पलीकडे सावंतवाडीचा मात्र ०२३६३. म्हणजे तारेच्या नकाशात गोवा दक्षिणेच्या ओळीत बसला. पुढे मोबाईलचे परवाने देताना देशाची सर्कल पाडली, तेव्हा गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गेला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा वेगळा राहिला. मोबाईलच्या बाबतीत मात्र बांद्याला गेले तरी आपण घरचेच, आणि माजाळीचा नाका ओलांडून कारवारला गेले की पाहुणे. त्या काळी येणाऱ्या फोनलाही रोमिंगचे पैसे पडत. कारवारला लग्नाला गेलेले आमचे एक नातेवाईक फोन बंद करून खिशात ठेवत, ते आठवते. अशाने साऱ्या स्विचची हुशारी फुकट.

२००३ पासून घरच्या सर्कलमध्ये येणारे फोन मोफत झाले. २० जानेवारी २०११ पासून कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला, आणि जुलै २०१५ पासून सर्कल बदलले तरीही. नंबर आधी तारेतून सुटला, मग कंपनीतून आणि शेवटी प्रांतातून. आता तो माणसाचा झाला आहे.

कचेरीतला लहान स्विच

हे सगळे मोठ्या कंपन्यांचे झाले. माझ्या हाताखालचा स्विच लहान, चोवीस भोकांचा. पण प्रश्न तोच. त्याला कोणी काही सांगत नाही, तो पाहून शिकतो. अमक्या यंत्राची पाकिटे तिसऱ्या भोकातून आली, म्हणजे ते यंत्र तिसऱ्या भोकापलीकडे आहे, अशी नोंद तो करतो. टेबलावरच्या संगणकांपुरते हे ठीक. पण वाय-फाय आले, आणि साहेब लॅपटॉप उघडाच घेऊन तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर चालत जाऊ लागले. स्विचच्या लेखी ते अजून खालीच. वरच्या साहेबांची पाकिटे तो खालच्या वायरीत टाकत राहतो. स्ट्रोजरचीच खोड.

यावर तोड अशी, की वरच्या मजल्यावरच्या वाय-फायच्या डब्याने लॅपटॉप जोडला जाताच त्याच्या नावाने एक छोटे पाकीट स्विचकडे पाठवायचे. ते पाहून स्विच जुनी नोंद बदलतो. ही व्यवस्था नीट बसवली नाही तर लोक म्हणतात, "तुमचे वाय-फाय चालता चालता लटकते." दोष हवेतल्या लहरींचा नसतो, वहीतल्या शिळ्या नोंदीचा असतो. नोकरीतल्या माझ्या निम्म्या दुरुस्त्या म्हणजे कुठली नोंद शिळी झाली आहे ते शोधणे.

वहीची दुसरी बाजू

इतके कौतुक केल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. फोन वाजावा म्हणून स्विचला आपला ठावठिकाणा सतत लिहावा लागतो. म्हणजे कोण कुठे हिंडले याची नोंद कुठेतरी होतच असते. गावचा ऑपरेटरही सगळ्यांच्या हालचाली जाणून होता, पण तो ओळखीचा होता, आणि त्याला समोरासमोर विचारता येत होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेत झाला. वही तर लागणारच. ती कोणी, कधी आणि कशासाठी उघडावी, यावर नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे.

दुसरी एक गोष्ट आनंदाची. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन ओडिशात झाले. त्याचा गाभा, म्हणजे या लेखात ज्याला मी स्विच आणि वही म्हटले तो भाग, सी-डॉटने बनवला आहे. कित्तूरला १२८ जोडण्यांचा डबा बसवणारी तीच संस्था. तारेपासून माणसापर्यंतचा हा प्रवास तिनेही चाळीस वर्षांत पुरा केला.

शेवटी पुन्हा घरी येतो. निवृत्तीनंतर वडील पेडण्याच्या घरी राहायला गेले. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातच, रात्री बहिणीचा फोन आला. वडिलांचे बरे नव्हते, डॉक्टर येऊन गेले होते. मी तेव्हा घरी नव्हतो, कामासाठी बाहेर होतो. फोनने मला तिथेच गाठले. मेहुण्यांनी गाडी काढली. मी शेजारी बसलो आणि फोन चालूच ठेवला. बहिणीने तिकडचा फोन वडिलांच्या उशाशी ठेवला होता. फार काही बोलणे नव्हते. "कुठे आलास?" असे ते मधूनमधून विचारायचे आणि मी सांगायचो, झुआरीवर आहे, पर्वरी गेली, कोलवाळ आले. फोन एकदाही तुटला नाही. मी पोचलो तेव्हा ते जागे होते. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

त्या रात्री वास्को ते पेडणे, वाटेतल्या प्रत्येक मनोऱ्याने आमचे बोलणे पुढच्याच्या हाती सोपवले. त्या वेळी माझ्या मनात यातले काहीच नव्हते. नंतर दिवस झाल्यावर एकदा बसलो असताना आठवले, की आजोबांच्या वेळी वडिलांना जे मिळाले नाही ते मला मिळाले. १९८९ मध्ये फोन लागला होता, माणूस लागला नव्हता. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत कोणीतरी, कुठेतरी बसून, ती एक अडचण दूर केली होती.

यंदाही चवथीला आपण सगळे आपापल्या गावी निघू. माटोळीचे सामान, मुले, पिशव्या, आणि खिशात फोन. पुलावरून जाताना कोणाचे तरी बोलणे चालू असेल. ते तुटले नाही, तर एकदा त्या न दिसणाऱ्या पारकऱ्यांची आठवण करावी, एवढेच.

गणपती बाप्पा मोरया!